रमाकांत सबनीस यांचा उशीर

चिंतामणी सबनीसांच्या प्रकाशित निबंधांची यादी मी पहिल्यांदा टाइप केली ती एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर. अर्धं पानही भरलं नाही. पाच निबंध, पाचही उल्कांच्या रेडिओ-प्रतिध्वनींवर. पहिला एकोणपन्नासचा, पाचवा पंचावन्नच्या डिसेंबरातला. त्यानंतर काही नाही. संचालकांनी कागद हातात घेतला, वाचला आणि उलटून मागची बाजू पाहिली.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "मार्चअखेर सहावा निबंध छापायला गेला नाही, तर समितीला मी काय सांगू? रिसीव्हर आणि वेळनोंदीचं यंत्र संस्थेचं आहे. ते परत आणावं लागेल. तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याशी ते बोलत नाहीत."

मी त्या संस्थेत गणक होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला त्या काळी मिळे ती जागा. सबनीस सरांच्या निरीक्षणांचे आकडे सोडवायचे, एवढं काम. सर संस्थेत फारसे येत नसत. एरियलला मोकळं आकाश हवं म्हणून त्यांनी रिसीव्हर फणसवाडीतल्या आपल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत नेला होता. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस मी दादरहून ट्रॅमने तिकडे जाई.

त्यांचा विषय थोडक्यात असा. घंटा वाजवत येणारा आगीचा बंब जवळ येताना घंटेचा सूर चढा लागतो आणि बंब पुढे निघून गेला की सूर उतरतो. रशियनांनी अठ्ठावन्न साली सोडलेला तिसरा स्पुटनिक मुंबईवरून जाताना त्याचा रेडिओचा सूर तसाच उतरत जाई. तो किती आणि कोणत्या क्षणी उतरला हे मोजलं की उपग्रह कुठून गेला ते काढता येई. जगात बरेच लोक ते करत होते. सरांनी प्रश्न उलटा केला. उपग्रहाची वाट जर आधीच माहीत असेल, तर ऐकणारा कुठे बसला आहे ते निघालं पाहिजे. म्हणजे तारे न दिसणाऱ्या रात्रीही भर समुद्रातल्या जहाजाला आपला ठावठिकाणा कळला पाहिजे.

"हे दुसऱ्याही कुणाच्या डोक्यात आलं असणार," ते म्हणत. "लवकर लिहायला हवं."

आणि लिहीत नसत.

पडताळा पाहायला आमच्याकडे जहाज नव्हतं, घर होतं. घर कुठे आहे हे ठाऊक होतं. ते ठाऊक नाही असं समजून नुसत्या सुरावरून शोधून काढायचं, असा तो प्रयोग.

सरांचे वडील, तात्या, बंदरातल्या कचेरीतून निवृत्त झालेले. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत. मी जिना चढून आले की ते चष्म्यावरून बघत.

"काय गं पोरी, सापडलं का आमचं घर?"

"अजून नाही, तात्या."

"दीड वर्ष शोधतोय हा. अगं, पोस्टमनला विचारा. पाकिटावर पत्ता घातला की तो बरोबर इथे येतो. त्याला नाही लागत रशियाचा गोळा."

आतून सरोजिनीवहिनींचा आवाज येई, "तात्या, तिला आधी पाणी तरी पिऊ द्या."

वहिनी म्हणजे सरांच्या थोरल्या भावाची बायको. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत आणि पाचला घरी येत. कपाळ मोकळं होतं. पहिल्या आठवड्यात मला एवढंच दिसलं.

मोजण्याची पद्धत साधी होती. सर कानांना हेडफोन लावून बसत. एका पेटीतून ते ठरावीक उंचीचा सूर काढत. उपग्रहाचा सूर उतरत उतरत त्या सुराला मिळाला की दोघांमधली थरथर थांबे, तंबोऱ्याची तार लागल्यावर थांबते तशी. त्या क्षणी कळ दाबायची. फिरत्या कागदी पट्टीवर एक टाक सेकंदांच्या खुणा करी, दुसरा टाक कळ दाबली की खूण करी. मग पेटीचा सूर खाली आणायचा आणि पुन्हा थांबायचं. एका फेरीत अशा सात खुणा. मी पट्टी भिंगाखाली मोजायची, विमानटपालाने येणाऱ्या बुलेटिनातून उपग्रहाची वाट घ्यायची आणि हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर जागा काढायची. सुरुवातीला एका फेरीला दीड दिवस लागे.

भिंतीवर मुंबईचा मोठा नकाशा होता. प्रत्येक फेरीतून निघालेल्या जागेवर एक टाचणी. टाचण्या कुठेही होत्या. ठाण्याच्या खाडीत, उरणला, दोन तर नकाशाबाहेर नुसत्या भिंतीत. त्यात नवल नव्हतं. बुलेटिनं ढोबळ होती, आमचा रिसीव्हर लढाईनंतरच्या भंगारातला होता. अशा वेळी सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरीच्या जागी लाल डोक्याची टाचणी होती.

ती लालबागच्या नाक्यावर होती. घरापासून तीन मैलांना थोडी कमी, उत्तरेला आणि किंचित पूर्वेला.

मी आले तेव्हा चौतीस फेऱ्या झाल्या होत्या. मी आणखी सात सोडवल्या आणि दर वेळी सरासरी नव्याने काढली. टाचणी फर्लांगभर इकडे सरकली, फर्लांगभर तिकडे, आणि एक्केचाळिसाव्या फेरीला जुन्याच भोकात जाऊन बसली. मी सरांना म्हटलं, सरासरीतही दीड मैलाची अनिश्चितता आहे, तेवढ्या वर्तुळात भायखळ्यापासून परळपर्यंत सगळं येतं.

"येतं," ते म्हणाले. "पण मध्यावर काय आहे ते बघा."

मध्यावर काय आहे ते मला त्या संध्याकाळी वहिनींनी सांगितलं. मी निघाले होते, त्या जिन्यापर्यंत आल्या.

"ते लाल टोक बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "हे तिथेच गेले. छप्पन्नच्या जानेवारीत, गोळीबारात. मोर्च्यात नव्हते गं. भाऊजींचा रेडिओचा कसला तरी क्रिस्टल तयार झाला होता लालबागला, एका रेडिओवाल्याकडे. हे म्हणाले, आज नको रे चिंतू, सगळं बंद आहे. भाऊजी म्हणाले, दादा, दहा मिनिटांचं काम. मी डबासुद्धा दिला नाही. म्हटलं, तासाभरात येतील."

खाली चौकात कुणीतरी नळ सोडला.

"भाऊजी दर गुरुवारी जाऊन त्या नाक्यावर उभे राहतात. त्यांना वाटतं, हे तिथून बोलावतायत. मी काही बोलत नाही. तू पण बोलू नकोस."

पण मार्च जवळ येत होता, आणि संचालकांचा निरोप मला द्यावाच लागला. सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"काय लिहू?" ते म्हणाले. "माझं घर लालबागला आहे असं लिहू? पद्मजाबाई, यंत्र चूक करतं तेव्हा ती चूक कुठेही करतं. इतक्या नेमक्या जागी नाही करत."

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही त्या खोलीत बसताना पाठ भिंतीला लावून बसावंसं वाटे. आकडे माझ्याच हातांनी निघत होते. यंत्राची मूठ मी फिरवायची, आणि दर वेळी घर उठून तीन मैल चालत जाई.

जानेवारीत मी एकटीच लालबागला गेले. रेडिओवाल्याचं नाव वहिनींकडून घेतलं होतं, बुधाजी. गिरणीच्या भिंतीला लागून फळीचं छोटं दुकान. आत बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. बुधाजी पन्नाशीचा, डोळ्याला भिंग लावून वॉल्व्ह तपासत होता. मी सबनीसांकडून आले म्हटल्यावर त्याने भिंग काढलं.

"धाकट्या सायबांकडून? ते येतात की. समोर उभे राहतात, अर्धा अर्धा तास. मी हाक मारतो, चा घ्या म्हणतो. ते बघत पण नाहीत, बाई."

"आणि थोरले? त्या दिवशी..."

"रमाकांतभाऊ माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. फळी लावलेली, मी आत फटीतून बघतोय. ते समोर कोपऱ्याला उभे. हातातलं घड्याळ बघत होते. रस्ता मोकळा व्हायला किती वेळ आहे ते बघत असतील. पळाले नाहीत. घड्याळातच बघत होते." त्याने फळीखालून एक काड्यापेटी काढली. आत कापसात क्रिस्टल होता. "हा त्यांचाच. आणखी दोघांनी मागितला. म्हटलं, नाय, ज्याचा आहे तो घेऊन जाईल."

मी काड्यापेटी पर्समध्ये घातली. त्या नाक्यावर मीही मिनिटभर उभी राहिले. भाजीवाल्या बसल्या होत्या. काहीच नव्हतं तिथे.

परत येताना ट्रॅममध्ये मला एक साधा प्रश्न पडला. तो सहा महिन्यांत पडायला हवा होता. एक्केचाळीसही फेऱ्या चढत्या कशा? उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो तशा फेऱ्या जेवढ्या, तेवढ्याच उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या, उतरत्या. त्या कुठे आहेत?

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं.

"उतरत्या वाईट येतात," ते म्हणाले. "सुरुवातीला तीन सोडवल्या होत्या. घर समुद्रात आलं. ससून डॉकच्या पुढे, बंदराच्या पाण्यात. मग सोडून दिल्या. ऐकतो, पट्ट्या ठेवतो, पण सोडवत नाही. घर समुद्रात कसं असेल?"

लालबागला असू शकतं आणि समुद्रात असू शकत नाही. हा भेद त्यांनी कधी केला हे त्यांनाही कळलं नव्हतं. पट्ट्या माळ्यावर डालड्याच्या डब्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. सत्तावीस फेऱ्या. मी डबाच दादरला नेला.

पाच आठवडे लागले. संस्थेचं काम संपवून घरी आले की मी गणनयंत्र घेऊन बसे; हात आता बसला होता, एका फेरीला एक संध्याकाळ पुरे. आई म्हणे, लग्नाच्या वयाची मुलगी आणि रोज हिचा घरघर घरघर जात्यासारखा आवाज. सत्तावीस फेऱ्यांची सरासरी पाण्यातच आली, सर म्हणाले होते तिथेच. घरापासून तीन मैलांना थोडी कमी, दक्षिणेला आणि किंचित पूर्वेला.

अंतर तेच. मी फूटपट्टी घेऊन घरच्या छोट्या नकाशावर दोन रेघा ओढल्या. लालबागपासून मागे, चढत्या वाटेच्या उलट दिशेने. समुद्रातल्या जागेपासून मागे, उतरत्या वाटेच्या उलट दिशेने. रेघा ठाकूरद्वारापाशी एकमेकींना छेदून गेल्या. फणसवाडी तिथून हाकेवर.

म्हणजे दोन्ही वेळा घर उपग्रहाच्या वाटेवर पुढे सरकलं होतं, सारखंच. वाट वेगळी म्हणून जागा वेगळी. तो सेकंदाला साडेचार मैल जातो. तीन मैलांना थोडं कमी म्हणजे सेकंदाचे सहा दशांश, थोडे वर. प्रत्येक खूण पट्टीवर तेवढी उशिरा उमटत होती.

घड्याळ मी तपासलं. रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ते बरोबर होतं. टाक तपासले. राहिला माणूस. पण सूर ऐकून बोट दाबायला सरावलेल्या माणसाला दोन दशांश पुरतात. उरलेले चार कुठले?

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी फेरीच्या वेळी त्यांच्या बाजूला बसले आणि पट्टीऐवजी त्यांच्या हाताकडे पाहिलं. खाली गल्लीतून घोषणा जात होत्या, 'झालाच पाहिजे' च्या. खिडक्या लावल्या तरी आत येत होत्या. सरांचे डोळे मिटलेले. सूर लागला तसे ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता."

बोट कळीवर होतं. ते दबलं नाही. बोट थांबलं, खोलीत काहीतरी व्हायची वाट पाहिल्यासारखं, आणि मग दबलं.

"आता." थांबा. मग कळ. सातही वेळा.

फेरी संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी पोळ्या करत होत्या.

"वहिनी, सर 'आता' कुणाला म्हणतात?"

त्यांचं लाटणं थांबलं नाही. "यांना. पहिल्यापासूनचं आहे ते. भाऊजींचे दोन्ही हात त्या खुंट्यांवर, म्हणून कळ यांच्याकडे. ऑफिसातून यायचे, कपडेही बदलायचे नाहीत, बसायचे. ते म्हणायचे 'आता', हे म्हणायचे 'हं', आणि कळ दाबायचे. सात वर्षं मी या भिंतीपलीकडून ऐकलंय. आता, हं. आता, हं. कधी कधी मला हसू यायचं." पोळी तव्यावर पडली. "आता भाऊजी नुसतंच 'आता' म्हणतात. ते ऐकवत नाही."

त्या रात्री घरी मी पाचवा निबंध पुन्हा काढला. पंचावन्नचा, शेवटचा. यादीत मी त्याचं नाव टाइप केलं होतं, तळटीप वाचली नव्हती. इंग्रजीत होती, अर्थ असा: वेळनोंद श्री. रमाकांत सबनीस यांनी केली. त्यांचा मोजलेला उशीर शून्य दशांश सहा चार सेकंद. तो सर्व वेळांतून वजा केला आहे.

दादा गेल्यावर सरांनी कळ स्वतःच्या खुंटीशेजारी बसवली. आता दाबणारा दुसरा कुणी नाही, म्हणून ती वजाबाकीही काढून टाकली. ते तर्काला धरूनच होतं.

दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की निबंध होईल, यंत्रं राहतील, सरांची जागा राहील. आणि सांगितलं की लालबागच्या नाक्यावर काही उरणार नाही. वहिनींनी बोलू नकोस म्हटलं होतं, तेही होतं. तिसऱ्या दिवशी मी नकाशा, दोन रेघा, तळटीप आणि काड्यापेटी असं सगळं त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पेटी उघडली, बंद केली. मग आकडे वाचले. ते फार चांगले वाचक होते. पुन्हा विचारावं असं त्यांना काही लागलं नाही.

"म्हणजे ही वेळ दादाची आहे," ते म्हणाले.

"तुमच्या बोटाची, सर."

"माझं बोट कशासाठी थांबतं?"

त्यांनी भिंतीकडे जाऊन लाल टाचणीवर बोट ठेवलं, काढली नाही.

"दीड वर्ष मला वाटत होतं, तो तिथून बोलावतोय," ते म्हणाले. "मी तिकडे जात होतो, पद्मजाबाई. दर गुरुवारी. आणि तो इथेच बसलेला. माझ्या शेजारी. 'हं' म्हणून."

गॅलरीतून तात्या म्हणाले, "चिंतू, चहा निवतोय रे."

"वजा करा," सर मला म्हणाले.

मी सगळं नव्याने सोडवलं. अडुसष्ट फेऱ्या, उशीर हीच एक अज्ञात राशी धरून. तो त्रेसष्ट शतांश आला आणि घर फणसवाडीपासून पाव मैलावर आलं. सरांनी निबंध नऊ दिवसांत लिहिला. मी टाइप करताना तळटिपेत 'निरीक्षकाचा उशीर' असं घातलं होतं. त्यांनी ते खोडून वर 'श्री. रमाकांत सबनीस यांचा उशीर' असं लिहिलं. संचालक मला म्हणाले, हा गृहस्थ छप्पन्नमध्ये वारला, त्याचा एकोणसाठमधला उशीर कसा वजा करता? मी म्हटलं, सरांना विचारा. त्यांनी विचारलं नाही. निबंध चोवीस मार्चला टपालात पडला. पुढे तो छापून आला तसाच आला. संपादकांनीही काही विचारलं नाही.

यादीत सहावा. रिसीव्हर फणसवाडीतच राहिला.

आणखी एक गोष्ट निबंधात नाही. मी सांगितल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही बुधाजीचा क्रिस्टल बसवून एक स्थिर सूर काढला; तो घड्याळाने ठरल्या क्षणी तुटला की सरांनी कळ दाबायची, असा त्यांचा उशीर मोजला. वीस शतांश आला. कुणाही सराईत माणसाचा येतो तेवढा. पुन्हा मोजला, वीस. पुढच्या फेऱ्यांत 'आता' आणि कळ एकदमच. घर जागच्या जागी येऊ लागलं. सरांनी जुन्यासारखं थांबून पाहिलं. कधी नऊ दशांश व्हायचे, कधी तीन. मुद्दाम थांबलं की ते मोजून थांबणं होई. एकदा त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

"गेला," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. ते बरोबर होतं." त्यानंतर ते 'आता' म्हणायचेही बंद झाले. नुसती कळ वाजे.

गुरुवारी ते घरीच असत. तात्या वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवत, द्वैभाषिक मोडणार, मुंबई आपली, तारीख ठरली. वहिनी आतून बाहेर येत नसत.

बुलेटिनात लिहून आलं होतं की उपग्रह फार खाली आला आहे, एप्रिलमध्ये केव्हाही जळून जाईल. सात तारखेला संध्याकाळी पावणेसहाची फेरी होती. चढती. मी दुसरा हेडफोन लावून बसले. वेळ झाली. नुसती खरखर होती. मी काटा थोडा अलीकडे पलीकडे करून पाहिला. खरखर. पलीकडे वहिनी मेथी निवडत होत्या, दार उघडं होतं.

सरांचे डोळे मिटलेले होते. मी त्यांना सांगणार होते की काही येत नाही.

"आता," ते म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. बुलेटिनाप्रमाणे पहिला सूर त्याच सेकंदाला लागायचा होता. माझ्या कानात काही नव्हतं.

त्यांचं बोट कळीवर होतं.

"हं," वहिनी म्हणाल्या.

त्या मान वर न करता म्हणाल्या. हातातली काडी तशीच. बोट दबलं, टाक हलला. सरांनी डोळे उघडले नाहीत. पेटीची खुंटी फिरवली, सूर खाली घेतला.

"आता."

"हं."

सात वेळा. गॅलरीत तात्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राची सळसळ थांबली होती. सातवी खूण झाल्यावर सरांनी हेडफोन काढले. वहिनी निवडलेली मेथी घेऊन मोरीकडे गेल्या आणि नळ सुटला.

"काय रे चिंतू," तात्या बाहेरून म्हणाले, "सापडलं का घर?"

"हो, तात्या," सर म्हणाले.

दोन दिवसांनी बातमी आली. उपग्रह त्या फेरीच्या आदल्या दिवशीच, सहा तारखेला, जळून पडला होता.

ती पट्टी मी सोडवली नाही. उपग्रहाची वाट नसताना तिच्यातून जागा निघत नाही. उशीर मोजता आला असता. पण 'आता' केव्हा म्हटलं याची खूण पट्टीवर नसते, फक्त कळ दाबल्याची असते. ती डालड्याच्या डब्यात आहे, उतरत्या फेऱ्यांबरोबर. वर तारीख आहे, फेरीचा आकडा आहे, आणि वेळनोंद करणाऱ्याच्या नावाची जागा मी कोरी सोडली आहे.